डाव्या कोपऱ्यातली घरं

रेल्वेपूल हा तंजावुरातला एकुलता एक चढ, आणि त्यावर बस बंद पाडायची तर ड्रायव्हरच्या अंगी खास गुण हवा. त्या शनिवारी सकाळच्या टाउन बसच्या ड्रायव्हरकडे तो होता. त्याने गिअर उशिरा टाकला, इंजिन गुदमरलं, मागून काळ्या धुराचा लोट उठला, आणि बस पुलाच्या मध्यावर थांबून हातभर मागे सरकली. हातभरच. कंडक्टरने शिट्टी फुंकली, उभ्या बायकांनी दांडे घट्ट धरले, ड्रायव्हरने कोणाला तरी शिवी दिली, आणि बस काही झालंच नाही अशा थाटात पुढे निघाली. खिडकीशी सेतुमाधव बसला होता. धूर पाहून तो मनाशी म्हणाला, डिझेल जास्त पाजलंय, पंप थोडा कमी करायला हवा. आणि मांडीवर ठेवलेल्या त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप अर्धा पेच फिरली. त्यात नवल काही नव्हतं. उभा जन्म इंजेक्शन पंपांत गेलेला माणूस तो. मेडिकल कॉलेज रस्त्यावर त्याचं वर्कशॉप, भाताच्या मळ्यांतले ट्रॅक्टर, कापणीयंत्रं, लॉऱ्या यांचे पंप तिथे तपासणीच्या बाकावर चढायचे आणि त्याच्या हातून शहाणे होऊन उतरायचे. काळा धूर दिसला की त्याची बोटं फिरत. लग्नाच्या मांडवातसुद्धा जनरेटर धुरायला लागला की फिरत, आणि त्याची बायको नागलक्ष्मी तो हात धरून खाली ठेवी. आज तो हात धरायला शेजारी कोणी नव्हतं. त्याने स्वतःच आपल्या बोटांकडे पाहिलं, आणि त्याला आठवलं. गेल्या महिन्यात अखिलाच्या गाडीचा मॅप भरताना, अगदी शेवटी, त्या डाव्या कोपऱ्यातल्या घरांत, हीच बोटं याच दिशेने फिरली होती.

अखिला त्याची मुलगी. कोइमतूरला नोकरी करते, आणि सुट्टीच्या दिवशी चिखलात, ओढ्यांत, डोंगरांत गाडी घालण्याच्या स्पर्धांना जाते. चारही चाकं ओढणारी जुनी उघडी गाडी, तिच्यात भंगारातल्या एका मोटारीचं पेट्रोल इंजिन बसवलेलं, आणि त्या इंजिनाला हवा दाबून भरणारा टर्बो. गाडीतल्या कंप्यूटरला एक कोष्टक द्यावं लागतं, त्यालाच मॅप म्हणतात: आडवे इंजिनाचे फेरे, उभा हवेचा दाब, आणि मधल्या प्रत्येक घरात एक आकडा, की इतक्या फेऱ्यांना, इतक्या दाबाला, इतकं पेट्रोल. घरं शेकड्यांनी असतात. गाडी चालवत चालवत ती एकेक करून भरायची. इंजिन ज्या घरातून जाईल ते घर धुराच्या नळीतल्या सेन्सरकडे बघून दुरुस्त करायचं. आणि जिथे इंजिन कधी गेलंच नाही, तिथे अंदाज. वरच्या डाव्या कोपऱ्यातली घरं अशी होती. कमी फेरे आणि पूर्ण दाब, दोन्ही एकाच वेळी आणि बराच वेळ, हे फक्त उभ्या चढावर होतं, आणि तंजावुरात चढ आणायचा कुठून? मोठ्या देवळाच्या शिखरावरचा दगड वर न्यायला राजाने कोसच्या कोस उतरण बांधली होती म्हणतात. पण दगड चढला आणि तीही काढून टाकली. गाव पुन्हा तळहातासारखं सपाट. सेतुमाधवाने ती घरं बसल्या जागी भरली होती. आणि भरताना हात आखडता घेतला होता, कारण डिझेलवाल्याचा हात तो. शंका आली की कमी पाजायचं, कमी पाजलं की इंजिन थंड राहतं, जास्त जगतं. टर्बोच्या पेट्रोल इंजिनाचं नेमकं उलटं असतं. तिथे दाबून भरलेल्या हवेला जरा जास्तच पेट्रोल द्यावं लागतं, त्या जास्तीच्या पेट्रोलानेच आतली आग ताब्यात राहते. ते कमी पडलं की इंजिन आतल्या आत ठोकायला लागतं, आणि उभ्या चढावर पाय दाबून धरलेला असेल तर बघता बघता पिस्टनला भोक पडतं. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. चांगलं ठाऊक होतं. त्याने वाचलं होतं, अखिलाला समजावून सांगितलं होतं. डोक्याला ठाऊक होतं, बोटांना नव्हतं.

पूल उतरल्यावर तो पुढच्याच थांब्यावर उतरला, उतरायचं नसताना. रसाच्या गाडीच्या सावलीत उभं राहून त्याने अखिलाला फोन लावला. फोनमधल्या बाईने तामिळमध्ये गोड आवाजात सांगितलं की आपण संपर्क करत असलेली व्यक्ती टप्प्याच्या बाहेर आहे. त्याने विनुताला लावला. विनुता अखिलाची मैत्रीण, स्पर्धेत तिच्या शेजारच्या सीटवर बसते. तिथेही तीच बाई. पळनीच्या डोंगरात असणार दोघी. स्पर्धा आज होती, चढाची फेरी दुपारी, असं अखिला काल निघताना फोनवर म्हणाली होती. आणि इंजिन मेलं तर काय होतं हे त्याच्याइतकं कोणाला कळत होतं? चढावर इंजिन मेलं की ब्रेकचं पेडल दगड होतं, स्टिअरिंग दगड होतं, आणि गाडी मागे सरकायला लागते. इथे पुलावर हातभर सरकली आणि कंडक्टरने शिट्टी फुंकली. तिथे शिट्टी कोण फुंकणार? तो उभा होता तिथून चारी दिशांना नजर टाकली तरी नारळाच्या झाडांपेक्षा उंच काही नव्हतं. कालवे, शेतं, पुन्हा कालवे. या सपाट मुलखात पाणीसुद्धा वाट विचारत विचारत जातं. अशा मुलखात जन्म काढलेल्या माणसाने डोंगराची घरं भरायला बसावं, या शहाणपणाला काय म्हणावं? रसवाल्याने दोनदा विचारलं, सार, एक की दोन, आणि त्याने न कळून दोन म्हटलं, आणि दोन्ही ग्लास हातात घेऊन तसाच उभा राहिला.

मेलवीधी रस्त्यावरच्या घरी तो परत आला तेव्हा नागलक्ष्मी स्वयंपाकघरातून डोकावली. "काय हो, शॉप उघडलं नाही कां?" "डोकं दुखतं," तो म्हणाला. "कॉफी घालू?" "नको. पोदुम्, पुरे झाली." त्याने लॅपटॉप उघडला. एक वेडी आशा होती, की आपल्याला आठवतं तसं नसेल. की शेवटच्या क्षणी आपण शुद्धीवर आलो असू आणि आकडे वाढवले असतील. पडद्यावर ते रंगीत कोष्टक उमटलं, मध्ये पिवळं, खाली हिरवं, आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात निर्लज्जपणे फिकट. आकडे कमी होते. शेजारच्या घरांहूनही कमी. एखादा कंजूष सासरा पंगतीत वाढतो तसे. त्याला स्वतःची चीड आली, इतकी की कानशिलं तापली. आणि आता काहीच करता येत नव्हतं. इथे बसून तो आकडा वाढवू शकत होता. त्याने वाढवलाही, एकेका घरात, योग्य तेवढा, आणि मग लक्षात आलं की आपण फक्त मेजावरच्या चित्राला रंग देतोय. ज्या गाडीत ते आकडे होते ती गाडी डोंगरात होती. नागलक्ष्मी तरीही कॉफी घेऊन आली. डवऱ्याच्या पसरट वाटीत ओतून, निववून, समोर ठेवून उभी राहिली. "पोरगीचा फोन आला कां?" तिने विचारलं. "तिथे सिग्नल नसतो म्हणून सांगितली होती की काल," तो म्हणाला. "मी आपली विचारले," ती म्हणाली, आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळत होतं की डोकं दुखणारा माणूस लॅपटॉप उघडत नाही. पण तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. सांगायचं काय? की तुझ्या मुलीला मी डोंगरात पाठवलंय आणि तिच्या पायाखाली माझी चूक आहे?

खरं तर ही गाडी शिवकुमारकडे जायची होती. शिवकुमार अखिलाच्या ओळखीचा, कोइमतूरचा. त्याच्याकडे डायनो आहे, म्हणजे गाडी जागच्या जागी फिरत्या रुळांवर उभी करून तिच्यावर हवा तेवढा भार टाकता येतो. चढ नसला तरी चढ उभा करता येतो. पोंगलच्या सुट्टीत ती आली होती तेव्हा जेवताना हळूच म्हणाली होती, "अप्पा, ट्यूनिंग शिवकुमारकडे घालूया म्हणते मी. तुम्हाला कशाला तसदी." तो भातावर ताक घेत होता. हात थांबवून म्हणाला, "तुझ्या बापाचा हात काय मोडला कां?" ती म्हणाली, "तसं नाही अप्पा." "मग?" "काही नाही. सरी, बरं. तुम्हीच करा." एवढंच झालं होतं. आता तो ते जेवण पुन्हा पुन्हा आठवून पाहत होता, आणि दर वेळी त्याला वाटत होतं की या वेळी तरी आपण ताक ओतत राहू आणि म्हणू, घाल बाई, शिवकुमारकडेच घाल. पण आठवणीतला माणूस काही ऐकत नाही. तो हात थांबवून तेच बोलतो. आणि मग तो एप्रिल. तिरुवैयारूच्या पलीकडे कावेरीचं कोरडं पात्र, धरणाचं पाणी सुटायला अजून अवकाश, दोन्ही काठांच्या मध्ये नुसती वाळू. अखिला गाडी चालवत होती आणि तो शेजारी, मांडीवर लॅपटॉप, पट्टा आवळून. गाडीला भार मिळावा म्हणून ती मुद्दाम खोल वाळूत घालायची आणि तो ओरडायचा, दाब, दाब, अजून. चाकं वाळू उडवायची, टर्बो शीळ घालायचा, पडद्यावरचा ठिपका घरांमधून पळायचा आणि तो एकेक घर टिपत जायचा. पाय उचलला की मागे नळीतून फट् फट् असा आवाज यायचा. कारण पाय उचलल्यावरही क्षणभर थोडं पेट्रोल चालू ठेवायची त्याची पद्धत होती, गाडीला हिसका बसू नये म्हणून. अखिलाला तो आवाज फार आवडायचा. "अप्पा, ही तुमची सही," ती म्हणायची. दर वेळी ठिपका वर चढायचा, डाव्या कोपऱ्याकडे निघायचा, आणि तेवढ्यात वाळूत चाकं फिरायची, फेरे वाढायचे, ठिपका उजवीकडे निसटायचा. "तिकडे जातच नाही की," ती एकदा म्हणाली. तो म्हणाला, "तिकडचं मी घरी बसून भरतो." इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता. लहान असताना ती शाळेतून थेट वर्कशॉपमध्ये यायची, बाकासमोर स्टुलावर बसायची, काचेच्या नळ्यांत डिझेल सारखं भरतंय की नाही ते बघायची आणि एखादी नळी मागे पडली की बोट दाखवायची. मग कॉलेज, मग कोइमतूर, मग घरी आल्यावरसुद्धा हातात फोन. त्या वाळूत ती पुन्हा त्या स्टुलावर बसली होती. म्हणून तर त्याला गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची नव्हती. त्याला मुलगी दुसऱ्याच्या हातात द्यायची नव्हती, खरं सांगायचं तर. आणि ते सांगण्याऐवजी तो म्हणाला होता की माझा हात मोडला का.

दुपारी त्याने स्पर्धा भरवणाऱ्यांचा नंबर शोधून काढला. तिकडे कोणी तरुण माणूस होता, मागे कर्ण्यावर गाणी चालली होती. सेतुमाधवाने तामिळमध्ये सांगितलं की मी अखिलाचा बाप, मला तिच्याशी बोलायचंय. "सार, गाड्या सगळ्या वर गेल्या. वर सिग्नल नाही. खाली आल्या की तीच फोन करेल." "निरोप तरी पोचवाल का? तिला सांगा, दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पाय दाबू नको म्हणून. फेरे वाढव, पहिल्यावर घे म्हणून." "बरं सार." "इंजिन ठोकेल म्हणावं." "बरं सार, सांगतो," तो म्हणाला, आणि फोन ठेवता ठेवता शेजारच्याला हसून म्हणाला की कोणा पोरीचे वडील आहेत, गाडी कशी चालवायची ते सांगतायत. सेतुमाधवाला ते ऐकू आलं. त्याला राग आला नाही. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हसलो असतो असं त्याला वाटलं. मग त्याने खुंटीवरचा शर्ट काढून घातला. दिंडिगलची बस धरायची, तिथून पुढे मिळेल ती. चपला पायात सरकवल्या. आणि मग ओसरीवर बसून हिशोब केला की आपण तिथे पोचेपर्यंत अंधार पडेल, आणि जे व्हायचं ते केव्हाच होऊन गेलेलं असेल. तसाच बसून राहिला, शर्ट घालून, चपला घालून, कुठेही न जाणारा. रस्त्यावरून भाजीचा टेंपो गेला. समोरच्या घरात कोणी तरी कुकर उघडला. त्याच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येत होतं आणि ते पुढे सरकत नव्हतं: गाडीचं नाक आकाशाकडे, अखिलाचा पाय पेडलवर, आणि बॉनेटच्या आत बारीक टक् टक् सुरू झालेली, जी हेल्मेट घातलेल्या माणसाला ऐकू येत नाही. नागलक्ष्मी एकदा बाहेर आली, त्याच्याकडे आणि त्याच्या चपलांकडे बघून म्हणाली, "कुठे जाता?" "कुठे नाही." ती आत गेली आणि देवापाशी दिवा लावल्याचा वास आला. तिने कशासाठी लावला ते तिलाही माहीत नव्हतं. त्याला रडू आलं, पण रडण्यासारखं अजून काही झालं नव्हतं, आणि झालं असलं तरी ते त्याला कळलं नव्हतं.

ऊन उतरल्यावर नागलक्ष्मीचा फोन वाजला. विनुताने व्हिडिओ पाठवला होता. "पाहा हो, आपली पोरगी," नागलक्ष्मी म्हणाली आणि फोन त्याच्या हातात दिला. पडदाही तिनेच दाबला. लाल मातीचा कडा, मध्ये दगड, पाऊस पडून गेलेला. गाडी खालून आली. चढाला लागली. नाक आकाशाकडे झालं. दुसरा गिअर, त्याला आवाजावरून कळलं, दुसराच. निरोप पोचला नव्हता. फेरे पडले, पडले, आणि तिथेच थांबले, पूर्ण पाय दाबलेला, आणि गाडी तशीच, फेरे न वाढवता, रेटत रेटत वर येत राहिली. तो कान लावून टक् टक् शोधत होता. नव्हती. आवाज जाड होता, ओला, पोटभर जेवलेल्या इंजिनाचा. कड्याच्या माथ्यावर पुढची चाकं टेकली, लोकांनी आरडाओरडा केला, आणि अखिलाने पाय उचलला. फट् फट् झालं नाही. काहीच झालं नाही. पेट्रोल स्वच्छ कापलं गेलं, चाकूने कापावं तसं, आणि इंजिन शांतपणे खाली आलं. त्याने व्हिडिओ पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावला. नागलक्ष्मी म्हणाली, "किती वेळ पाहता?" अखिला हेल्मेट काढून हसत होती, तिच्या गालाला चिखल लागला होता, ती जिवंत होती, धडधाकट होती, आणि त्याने पायातल्या चपला काढून ठेवल्या. देवा, त्याने म्हटलं, मनापासून म्हटलं. आणि त्या देवाच्या पाठोपाठच कळलं की या गाडीत आपला मॅप नाही. डावा कोपरा कोणी तरी नीट भरला होता. आणि कोपराच नव्हे, सगळंच पुसून नव्याने केलं होतं. पाय उचलल्यानंतरचा तो क्षणसुद्धा ठेवला नव्हता. शिवकुमारने केलं असेल. किंवा तिने स्वतःच केलं असेल, आकडे बघून, बापाचा हात कुठे आखडला ते ओळखून. दिवसभर तो जिच्यासाठी मेला ती चूक त्या डोंगरात गेलीच नव्हती. ती इथेच होती, मेजावर, लॅपटॉपमध्ये, आणि त्याच्या उजव्या हातात.

थोड्या वेळाने अखिलाचा फोन आला. तिने आधी अम्माशी बोलून घेतलं, दुसरी आली म्हणून सांगितलं, जेवली का विचारलं. मग नागलक्ष्मीने फोन त्याच्या कानाला लावला. "अप्पा, पाहिला कां व्हिडिओ?" "पाहिला." "कशी चढली?" "छान चढली," तो म्हणाला. "ठोकली नाही ना कुठे?" "अज्जिबात नाही, अप्पा. तो कोपरा तुम्ही घरी बसून भरला होता की नाही, तिथे बरोबर जास्त पेट्रोल दिलात तुम्ही. त्यानेच वाचले मी. सगळे विचारतात, मॅप कोणाचा म्हणून. मी सांगते, आमच्या अप्पांचा." ती थांबली. तिकडे वारा वाहत होता, कोणी तरी तिला हाक मारत होतं, पण ती थांबली होती आणि तो काय म्हणतो याची वाट पाहत होती. त्याला एकदा वाटलं की सांगावं, मला ऐकू आलंय बाळ, फट् फट् झालं नाही ते. मग वाटलं की ती पोंगलच्या जेवणापासून हे वाक्य हातात धरून उभी असेल, ते पडू न देता. नागलक्ष्मी जवळच होती आणि सगळं ऐकत होती. तिचा चेहरा अभिमानाने फुलला होता. उद्या ती हे वीधीभर सांगेल. "चढावर जास्त लागतंच," सेतुमाधव म्हणाला. "तेच की," अखिला म्हणाली, आणि तिने श्वास सोडल्याचं त्याला ऐकू आलं. "पुढच्या महिन्यात टर्बोचा इंटरकूलर बदलते मी, अप्पा. मग सगळं पहिल्यापासून करायला लागेल. तुम्हीच करायचं हं."

"करतो की," तो म्हणाला.